जावयाच्या नावाचं खाचर

एल्फिनाने नाव वाचलं आणि ती थांबली. चष्मा काढून तिने ओढणीच्या टोकाने पुसला, परत चढवला आणि तेच नाव पुन्हा वाचलं.

"मालक, बुस्तामी."

"पुढं वाच," जस्विरदादा म्हणाले. "पुढं आपल्या आईचं नाव असेल."

"पुढं काही नाही, दादा. पुढं सरकारचा शिक्का आहे."

चटईवर पाच माणसं बसली होती. जस्विरदादा, त्यांच्या तीन बहिणी आणि थोरलीचा नवरा बुस्तामी. पाचही जणं जमिनीच्या त्या हिरव्या पुठ्ठ्याच्या दाखल्याकडे बघत राहिली. भिंतीला टेकवलेल्या बांबूंमध्ये पहाटे शिजवलेला भात निवत होता. नारळाच्या दुधाचा वास घरभर होता आणि एरवी या वासाने जिला सगळ्यात आधी भूक लागते त्या रोस्मियारचं आत्ता तिकडे लक्षही नव्हतं.

आज तिचा दिवस होता. ती नवं लुगडं नेसून आली होती आणि मांडीवर पांढरं फडकं पसरून बसली होती. हर्निदाताईने बियाण्याची पेंढी त्या फडक्यात ठेवायची आणि पायो गडांगची पाळी थोरलीकडून मधलीकडे जायची, एवढंच आजचं काम होतं. पायो गडांग हे आमच्या कोतो पांदान गावातलं सगळ्यात मोठं खाचर. या तिघींच्या आईचं, त्याआधी तिच्या आईचं. ते कधी कुणा एकीचं झालं नाही. तीन वर्षं एकीने लावायचं, मग तीन वर्षं दुसरीने, मग तिसरीने. ज्यांची पाळी नाही त्यांनी सहा वर्षं बाजारचा तांदूळ खायचा आणि त्या बांधावरून जाताना लोंब्यांकडे फार वेळ बघायचं नाही. बघितलं तर लोक म्हणतात, हिला घाई झाली.

रोस्मियारने सहा वर्षं मान खाली घालून तो बांध ओलांडला होता. तिच्या वेल्मीचं लग्न दोन वर्षांपासून ठरलेलं होतं आणि दोन वर्षांपासून अडलेलं होतं, कारण आईच्या पाळीचा तांदूळ घरात आल्याशिवाय आमच्याकडे मुलगी नवरी म्हणून उभी राहत नाही. मुलाकडचे चांगले होते म्हणून थांबले. आता या पिकाला लग्न करायचंच, असं त्यांनी मागच्या महिन्यात जरा कोरड्या आवाजात कळवलं होतं.

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "कचेरीतल्या पोरांनी झोपेत लिहिलं असणार. हा दाखला आणला कुणी?"

"मी," बुस्तामी म्हणाला.

बुस्तामीच आणणार. आमच्याकडे जावयाला मान नसतो, काम असतं. माणूस लग्न करून बायकोच्या घरी राहायला येतो आणि त्या दिवसापासून कौल फुटलं की बुस्तामी, गॅस संपला की बुस्तामी, मयताला माणसं सांगायची असली की बुस्तामी. आजचे बांबूसुद्धा त्यानेच तोडले होते आणि जाळाजवळ पहाटेपासून तोच बसला होता. एकतीस वर्षांत त्याने या बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बुस्तामी," जस्विरदादा सावकाश म्हणाले, "तुझं नाव यात आलं कसं?"

"तीन वर्षांपूर्वी मोजणीवाले आले होते, दादा. त्यांनी ओळखपत्र मागितलं होतं."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, बुस्तामी, तुझं देऊन टाक. आणि त्यांना चहा पाज."

जस्विरदादांना ते आठवलं. टळटळीत दुपार होती. सरकारी टोप्या घातलेली तीन पोरं खाचरात खुंट्या ठोकत होती आणि एक जण कागद घेऊन विचारत होता, ओळखपत्र कुणाचं, सही कोण करणार. हर्निदा चुलीपाशी होती. दादांच्या गुडघ्यात कळ येत होती. खुंट्या, कागद, सह्या, चहा, ही सगळी त्यांच्या लेखी एकाच जातीची कामं होती आणि असली कामं या घरात कोण करतं हे ठरलेलं होतं. त्यांनी बुस्तामीला हाक मारली होती, जशी पाटातला कचरा काढायला मारत. त्या कचऱ्याचा कुणी मालक होतो का? या घराच्या जमिनीवर नजर ठेवायची म्हणून आईने मरताना त्यांचा हात धरला होता.

"मीच म्हणालो," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

रोस्मियार हसली. तिला खरोखरच हायसं वाटलं होतं. "एवढंच ना? मग त्यात काय एवढं? भावोजी उद्या कचेरीत जातील, सही करतील, आईचं नाव लावून आणतील. तुम्ही सगळ्यांनी तोंडं अशी केलीत की मला वाटलं कुणी गेलंच. ताई, दे ती पेंढी. बांबू गार झाले."

हर्निदाने पेंढी पुढे केली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. नवरा चटईच्या काठाचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता.

"भावोजी?" रोस्मियार म्हणाली.

"सही करायची की नाही, ते बघू," बुस्तामी म्हणाला.

स्वयंपाकघरात वेल्मी कॉफीच्या पाल्याचा चहा उकळत होती. तिथली भांडी वाजायची थांबली.

एल्फिना धाकटी. ती तालुक्याला शाळेत शिकवते आणि कागदांतलं तिला कळतं. तिला एकदम काहीतरी सुचलं. "थांबा. दाखला निघायच्या आधी नावांची यादी लावतात. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आमच्या शाळेसमोरच्या कचेरीवर लावली होती. इथे नव्हती लागली?"

"लागली होती," बुस्तामी म्हणाला. "साठ दिवस. कचेरीच्या दाराशी, डाव्या हाताला."

"आणि आपल्यापैकी कुणीच वाचली नाही?"

"मी वाचली. कचेरीवरचं वाचून यायला मलाच पाठवता ना तुम्ही."

हे वाक्य त्याने उर्मटपणे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्यावर निदान ओरडता आलं असतं. पण तो नेहमीसारखाच बोलला, गॅसवाला उद्या येतोय हे सांगताना बोलतो तसा.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, दादा."

हर्निदाला तेवढ्यात दोन वर्षांपूर्वीचे शुक्रवार आठवले. त्या दिवसांत मशिदीतून यायला त्याला उशीर व्हायचा. यायचा तेव्हा खुशीत असायचा, एकदा तर तिच्यासाठी तळलेली केळी घेऊन आला होता. तिला वाटलं होतं, चहाच्या टपरीवर बसत असेल, बसू दे बिचाऱ्याला. म्हणजे तेव्हा तो कचेरीच्या भिंतीपाशी उभा राहून आपलं नाव वाचत होता. आठ-नऊ शुक्रवार एकच ओळ. एकतीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याच्या मनात हे होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचाच तिला इतका धक्का बसला होता की खाचराचा विचार तिच्या मनात अजून पोचलाच नव्हता.

"चोर," रोस्मियार म्हणाली. "आमच्या घरात जेवलास आणि आमच्याच घरात चोरी केलीस."

भावोजींचं 'तुम्ही' एका वाक्यात गळून पडलं. कुणी तिला अडवलं नाही.

"मी काही उचललं नाही, रोस्मियार. माझ्या हातात दिलं. एकतीस वर्षं तुमच्या घरात जे हातात पडेल ते धरत आलोय."

"उगाच केविलवाणं बोलू नकोस. डोंगरावर दालचिनी लावायला तुला कुणी अडवलं होतं?"

"लावली की. वीस वर्षं वाढवली. साल उतरवून विकली ती या छपराच्या कौलांत गेली. हे छप्पर कुणाचं? हर्निदाचं. तिच्यानंतर तुझ्या वेल्मीचं. वेल्मीच्या नवऱ्याचा जीव निघाला तर त्याला त्याच्या बहिणीच्या गावी पोचवाल, जसं मला तळ्यापलीकडे माझ्या बहिणीकडे पोचवणार आहात. मी तक्रार करत नाही. माझ्या बापालाही असंच पोचवला. पण माझ्या अफ्रिझलचं काय?"

अफ्रिझल म्हणजे त्याचा आणि हर्निदाचा एकुलता एक मुलगा. बारा वर्षं मलेशियात, पामच्या मळ्यात.

"मुलग्यांना खाचर नसतं," जस्विरदादा म्हणाले. "मला तरी कुठे आहे?"

"म्हणूनच विचारतोय. तो फोनवर विचारतो, परत येऊन करू काय? मी त्याला काय सांगू, लग्न कर, कुणाच्या तरी घरी जा, बांबू तोड?"

दादा ताठ बसले. एवढा वेळ ते स्वतःच्या चुकीखाली दबून बसले होते, पण रीत मोडायची गोष्ट निघाली आणि त्यांच्यातला घरचा कर्ता पुरुष जागा झाला. "ऐक, बुस्तामी. जावयाने सासरच्या जमिनीवर हात ठेवला तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी पंचांना बोलावीन. तुझं गाठोडं बांधून पायरीवर ठेवतील. तुझ्या मयताला इथलं काळं कुत्रं येणार नाही. तो कागद इकडे दे आणि सकाळी माझ्याबरोबर कचेरीत चल."

हे दादा होते. रोस्मियारला जीवात जीव आल्यासारखं झालं. एल्फिनाही मान हलवत होती.

बुस्तामीने बोटाचा धागा सोडवला. "येतो. पण एक विचारू, दादा? वहिनींच्या गावी मोजणी त्याच महिन्यात झाली ना? तिथे ओळखपत्र कुणाचं दिलं?"

दादांचा हात गुडघ्याकडे गेला.

मघाशी म्हटलं की जस्विरदादा या घरचे कर्ते. या घरचे. राहतात मात्र ते बायकोच्या घरी, दोन गावं सोडून, आणि तिथे त्यांना कुणी कर्ते म्हणत नाही. तिथे ते जावई. त्यांच्या मेव्हण्याने त्यांना बांधावरून हाक मारली होती, जस्विर, तुझं ओळखपत्र दे रे, माझ्या खिशात नाही. त्यांनी दिलं होतं. परत आलं तेव्हा त्यावर चिखलाचा अंगठा उमटलेला होता आणि त्याचा त्यांना राग आला होता. तिथले दाखले कधी वाटणार होते? परवा. परवा त्यांनाच जाऊन आणायचे होते. बायकोच्या तीन बहिणी, दीड एकर पाण्याखालची जमीन, आणि हिरव्या पुठ्ठ्यावर कुणाचं नाव असणार हे आज सकाळपर्यंत त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांचेही दोन मुलगे होते. एक ट्रक चालवतो, एक काहीच करत नाही.

"दादा?" रोस्मियार म्हणाली. "बोला ना. पंचांना बोलवा."

"बघू," दादा म्हणाले. "घाईनं होणारं काम नाही हे."

रोस्मियारला तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला. मघाशी बुस्तामीही 'बघू' म्हणाला होता. ती वळली आणि तिने धाकटीचा हात धरला. "एल्फिना, तू तरी समजाव यांना. तू शिकलेली आहेस. माझ्यानंतर तुझी पाळी आहे. आज माझी गेली तर तुझी कुठून येणार?"

एल्फिनाने हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. तिच्या मनात मघापासून एक हिशेब चालू होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. "कागद तीन नावांवर करता येतो," ती म्हणाली. "ताई, तू आणि मी. तिघींचे तीन भाग पाडायचे. मग कुणाचं काही जात नाही."

"तुकडे? पायोचे तुकडे? मग पाळी कसली उरली?"

"पाळी माझ्यानंतर कुणाकडे जाईल, रोस्मियार?"

"कुणाकडे म्हणजे?"

"मला दोन मुलगे. ताईला एक मुलगा. या घरात मुलगी एकटी तुझी. माझ्यानंतर वेल्मी, ताईनंतर वेल्मी, तुझ्यानंतर वेल्मी. आपण तिघी गेलो की नऊच्या नऊ वर्षं वेल्मीच लावणार."

"ते मी ठरवलं का? आईच्या आईच्या वेळेपासून असंच आहे. आणि वेल्मी झाली तेव्हा सगळ्यात जास्त नाचली कोण? तू. म्हणालीस, या घराला लेक मिळाली, घर वाचलं."

"तेव्हा मला पोरं नव्हती," एल्फिना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुझ्याविरुद्ध नाही गं बोलत मी. पण रात्रंदिवस शिकवण्या करून मी त्यांना वाढवतेय. भावोजी जे बोलले ते मी कितीदा तरी मनात बोलले असेन."

वेल्मी किटली घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या कानांकडे बघूनच कळत होतं, लाल झाले होते. लहानपणापासून या तीन घरांत ती कुठेही शिरली तरी तिला आधी वाढत. माशाचं डोकं तिला, सायीचा थर तिला. आज तिने धाकट्या मावशीसमोर पेला ठेवला तेव्हा मावशीने मान वर केली नाही. वेल्मी किटली तिथेच सोडून आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

एल्फिनाने दाखला मिटला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि चटईवरून सरकवला. आतापर्यंत तो बैठकीच्या मध्यावर होता. आता तो बुस्तामीच्या गुडघ्याला लागून होता. हे तिने मुद्दाम केलं की हात तिकडे गेला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आता सगळे हर्निदाकडे बघायला लागले.

रोस्मियारची सगळी भिस्त तिच्यावरच होती. आई बाजारात जायची तेव्हा ताईने तिला पाठीवर बांधून याच खाचरात लावणी केली होती. वेल्मीचे वडील गेले तेव्हा ताईने स्वतःच्या पाळीतलं अर्धं पीक तिच्या घरी पोचवलं होतं, कुणाला न सांगता. नवऱ्याला एका शब्दात गप्प करणारी बाई होती ती. घर तिचं होतं. तिने 'नाही' म्हटलं असतं तर बुस्तामीला आज दुपारचं पाणीसुद्धा मिळालं नसतं.

हर्निदाच्या मांडीवर बियाण्याची पेंढी होती. ती लोंब्यांवरून हात फिरवत होती आणि तिच्या कानात पोराचा आवाज होता. अफ्रिझल दर रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, आई, खाचरात काय उभं आहे? ती कधी म्हणायची, गुडघाभर झालंय. कधी म्हणायची, कापणी लागली. तो पलीकडे गप्प बसून ऐकायचा. बारा वर्षांत त्याने पैसे कमी-जास्त पाठवले असतील, हा प्रश्न चुकवला नव्हता. आपल्या पोराला ज्याची एवढी ओढ आहे ते त्याचं कधीच होणार नाही, हे तिने जन्मापासून माहीत असल्यासारखं मानलं होतं. आज कुणीतरी तिच्या पुढ्यात एक कागद ठेवला होता आणि तो म्हणत होता, होऊ शकतं. नवऱ्याचा तिला संताप येत होता. त्याचं तोंड बघू नये असं वाटत होतं. आणि तरीही तो कागद फाडावा असं तिला वाटत नव्हतं. आपल्याला तसं वाटत नाही हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

"ताई," रोस्मियार म्हणाली. "माझ्याकडे बघ."

हर्निदाने बघितलं. मग पुढे वाकून तिने पेंढी बहिणीच्या फडक्यात ठेवली.

"घे. लाव तीन वर्षं. वेल्मीचं लग्न कर. तुला कुणी नाही म्हणणार नाही."

"कुणी म्हणजे कोण?"

हर्निदा मांडीवर सांडलेले दाणे वेचायला लागली.

"आणि कागद?"

"कागद राहू दे सध्या आहे तसा."

रोस्मियारला आधी वाटलं, ताई जिंकली, पेंढी मिळाली. मग तिला अर्थ लागत गेला. तिला लावायला दिलं होतं. तिचं होतं ते तिला उपकारासारखं दिलं होतं, आणि देणारी तिची ताई होती. तिने दादांकडे बघितलं. दादा गुडघा चोळत होते. एल्फिनाचं तोंड ओढणीत होतं. तिच्या मनात आलं, ही पेंढी यांच्या तोंडावर फेकावी आणि लेकीला घेऊन निघून जावं. हात उचललाही गेला. पण आतल्या बंद दारामागे वेल्मी होती. मुलाकडच्यांचा तो कोरडा आवाज होता. तिने फडक्याची चार टोकं जुळवली आणि गाठ मारली. गाठ दोनदा सुटली.

मग ती उठली, उभी राहिली, आणि या घरात कुठल्याही बाईने आपल्या पाळीच्या दिवशी कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"भावोजी, खाचरात पाणी कधी सोडू?"

हर्निदाने दचकून मान वर केली. दादांचा गुडघ्यावरचा हात थांबला. जिची पाळी तिने पाणी सोडायचं, त्यात विचारायचं काय आणि तेही जावयाला. रोस्मियार टोमणा मारतेय असं एल्फिनाला क्षणभर वाटलं, पण तिच्या तोंडाकडे बघितल्यावर तसं वाटेना. ती खरंच विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती.

असल्या प्रश्नाला बुस्तामीकडे एकतीस वर्षांचं तयार उत्तर होतं. दादांना विचार. ते त्याच्या ओठांवर आलंही. त्याने दादांकडे बघितलं, दादांनी खाली बघितलं.

"परवा सोड," तो म्हणाला. "आधी मी बांध बघून येतो."

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरल्यासारखा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, कुणीतरी आता आपल्याला गप्प बस म्हणेल म्हणून. कुणीच म्हणालं नाही.